अंश होर्डिंगवर, छेद गुलदस्त्यात

अंतिम वर्षाच्या वर्गात दिवाळीच्या आसपास एक कागद फिरायचा. वर महाविद्यालयाचं नाव, खाली एकच ओळ: 'मी वैयक्तिक कारणास्तव कॅम्पस प्लेसमेंटसाठी इच्छुक नाही.' त्याखाली रोल नंबर, सही, तारीख. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी नऊ वर्षं शिकवलं. त्यातली तीन वर्षं विभागाचा प्लेसमेंट समन्वयक होतो, म्हणजे हे कागद गोळा करणारा मीच. कागद कुणाच्या हातात द्यायचा हे ठरलेलं असे. ज्याची केटी, म्हणजे मागच्या सेमिस्टरचा नापास विषय, अजून निघालेली नाही, ज्याला दहावीत ५७ टक्के आहेत, ज्याचं इंग्रजी ऐकून टीपीओंच्या, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्यांच्या, कपाळावर आठ्या पडतात, त्याच्या. मुलं सही करायची. एकाने विचारलं होतं, "सर, यावर सही केली तर पुढे कुठे अर्ज करता येणार नाही का?" मी म्हटलं, तसं काही नाही रे, फक्त रेकॉर्डसाठी आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. रेकॉर्डसाठीच होतं.

त्या कागदाचं काम काय, हे समजायला पाचवीतल्या अपूर्णांकांपेक्षा जास्त गणित लागत नाही. सोयीसाठी आकडे धरू. पहिल्या वर्षाला १८० मुलं आली, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला २० आली. एकूण २००. त्यातली १५० वेळेत पदवीधर झाली, बाकीची वायडीत, म्हणजे वर्ष वाया जाऊन, किंवा केटीत अडकली, काही सोडून गेली. दीडशेतली ११० कंपन्यांच्या क्रायटेरियात बसली, म्हणजे दहावी, बारावी आणि पदवीला साठ टक्के आणि एकही लाईव्ह बॅकलॉग, म्हणजे न सुटलेला विषय, नाही. त्या ११० पैकी ८० 'इच्छुक' ठरली. नोकरीचं पत्र मिळालं ७६ जणांना. आता ७६ भागिले ८०, ९५ टक्के. ७६ भागिले ११०, ६९ टक्के. ७६ भागिले १५०, ५१ टक्के. आणि ज्या दोनशे घरांनी प्रवेशाच्या वेळी फी भरली त्यांच्या हिशेबाने, ३८ टक्के. चारही उत्तरं बरोबर आहेत, एकातही खोट नाही. होर्डिंगवर कुठलं लागतं हे सांगायला नकोच.

अंश सगळीकडे तोच, ७६. सगळा खेळ छेदाचा. आणि छेद कधीच छापला जात नाही.

'प्लेसमेंटचे आकडे खोटे असतात' असं आपण सरसकट म्हणतो, तेव्हा महाविद्यालयांना निसटायला वाट मिळते, हे मला तीन वर्षांत नीट कळलं. आकडे सहसा खोटे नसतात. ऑफर लेटरच्या प्रती फाईलमध्ये असतात, कंपनीचा ईमेल असतो, तपासायला आलेल्या समितीसमोर ती फाईल ठेवताना कुणाचा हात थरथरत नाही. काही ठिकाणी बनावट पत्रंही असतात, नाही असं नाही, पण त्यांची गरजच फार कमी पडते. इच्छुक नसलेल्यांचा गठ्ठा पुरेसा जाड असला की खोटं बोलावं लागत नाही.

छेद उघड ठेवला तर काय दिसतं याचं चांगलं उदाहरण पवईला आहे. आयआयटी मुंबईच्या २०२३-२४ च्या अहवालात नोंदणी केलेले विद्यार्थी होते २,४१४. प्रत्यक्ष प्रक्रियेत भाग घेतलेले १,९७९. नोकरी स्वीकारलेले १,४७५. संस्थेने टक्केवारी दिली ती १,९७९ वर काढून, सुमारे ७५. नोंदणी केलेल्यांवर काढली तर ६१ येते. यातलं कुठलं बरोबर हा वाद घालता येईल. नोंदणी करून मग पीएचडीला गेलेला किंवा स्वतःचं काही सुरू केलेला मुलगा छेदात का धरायचा, हा संस्थेचा प्रश्न रास्तच आहे. पण तिन्ही संख्या जाहीर होत्या म्हणूनच हा वाद घालता येतो. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या संस्थेला ६१ किंवा ७५ लिहिताना कमीपणा वाटत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचं, कटऑफ नव्वद पर्सेंटाइलच्या खाली घसरेल या धास्तीत असलेलं महाविद्यालय ९८ लिहितं. एवढ्यावरूनच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. त्या वर्षी आधीच्या वर्षाच्या तुलनेत नोकरी मिळालेल्यांचं प्रमाण घसरलं, सगळ्यात कमी पॅकेज ६ लाखांवरून ४ लाखांवर आलं, आणि तरीही सरासरी पॅकेज २१.८ लाखांवरून २३.५ लाखांवर गेलं. वर्तमानपत्रांनी अर्थातच वाढ छापली. पण सरासरी ही फक्त नोकरी मिळालेल्यांची असते. ज्याला काहीच मिळालं नाही, त्याचा शून्य त्या बेरजेत येत नाही. वर्गातली मागच्या बाकावरची मुलं बाहेर काढून वर्गाची सरासरी काढली तर ती वाढणारच. शिवाय वरचे दोन-चार आकडे सगळ्यांना आपल्याबरोबर उचलून नेतात. नऊ मुलांना साडेतीन लाख आणि एकाला चाळीस लाख मिळाले तर सरासरी होते ७.१५ लाख, आणि त्या दहांत सात लाख मिळवणारा एकही मुलगा नसतो. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने रांगेत उभं केल्यावर बरोबर मधल्या मुलाचं पॅकेज, साडेतीनच राहतं. पालकांनी विचारायचा तो हा मधला मुलगा. आपला मुलगा किंवा मुलगी बहुधा त्याच्याच आगेमागे असणार.

कोटीचा आकडा मात्र बातमीच्या आधीच धावत सुटतो. जानेवारी २०२४ मध्ये आयआयटी मुंबईतल्या ८५ विद्यार्थ्यांना कोटीच्या वरचं पॅकेज मिळाल्याचं जाहीर झालं, आणि मागोमाग संस्थेनेच दुरुस्ती केली की ८५ नव्हे, २२. दुरुस्ती केली हे चांगलंच. पण माझ्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ८५ आले, २२ अजून यायचे आहेत.

पॅकेज या शब्दाचंही एकदा पाहायला हवं. आपल्याकडे तो पगाराला प्रतिशब्द म्हणून रुळलाय. साखरपुड्याच्या बोलणीत पॅकेज सांगतात, बँकेच्या कर्जाच्या फॉर्मवरही तेच आधी तोंडात येतं. पॅकेज म्हणजे कंपनीला तो माणूस वर्षाला कितीला पडतो. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, आरोग्य विम्याचा हप्ता, कामगिरी चांगली झाली तर मिळणारा भाग, आणि मोठ्या आकड्यांत तर तीन-चार वर्षं टिकलात तर हाती येणारे शेअरही. साडेतीन लाखांच्या पॅकेजमधून महिन्याला हातात येतात बावीस ते पंचवीस हजार. त्यात हिंजवडी-वाकडला पीजी, मेस आणि गावी पाठवायचे पैसे बसवून दाखवा. आणि हे साडेतीन लाख आजचे नव्हेत. मोठ्या आयटी कंपन्यांचा नवख्यांचा दर गेली दहा-बारा वर्षं त्याच्याच आसपास घुटमळतोय. तेवढ्या काळात अभियांत्रिकीची फी कुठून कुठे गेली हे वाचकांना मी सांगायची गरज नाही.

मग येतो ऑफर आणि रुजू होणं यातला फरक. प्लेसमेंटची नोंद होते ती पत्र हाती पडलं त्या दिवशी, सातव्या सेमिस्टरमध्ये. रुजू होणं असतं वर्षभराने, झालं तर. २०२२ च्या बॅचचं काय झालं ते आठवा. विप्रोने ज्यांना साडेसहा लाखांची पत्रं दिली होती त्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये विचारलं की साडेतीनवर येता का. इन्फोसिसच्या त्याच बॅचमधल्या कित्येकांना रुजू व्हायला दोन वर्षांच्या वर वाट पाहावी लागली. पुण्यातली 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना त्यासाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली. ही सगळी मुलं आपापल्या महाविद्यालयाच्या वहीत 'प्लेस्ड' होती. त्यांचे फोटो होर्डिंगवर होते. त्यांतली काही मुलं घरी बसून, ओळखीच्या लोकांना चुकवत, जॉइनिंगच्या ईमेलची वाट पाहत होती, आणि त्याच मुलांच्या फोटोंखाली नव्या बॅचचे प्रवेश होत होते.

आणि होर्डिंग नेहमी शिळं असतं. आज प्रवेश घेणारी मुलगी चार वर्षांनी नोकरी शोधणार, पण तिला दाखवली जातात ती एक-दोन वर्षांपूर्वीच्या बॅचची पत्रं. मधे बाजार फिरलेला असतो. कोविडनंतरच्या तेजीत, २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात, एकट्या टीसीएसने लाखभर नवखे घेतले. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून मनुष्यसंख्या जवळपास ६४ हजारांनी घटली. यात कुठल्या महाविद्यालयाचं शिकवणं सुधारलं नव्हतं की बिघडलं नव्हतं. पण तेजीच्या आकड्याचं श्रेय संस्थेने घेतलं आणि मंदीचं खापर बाजारावर फोडलं. तंत्रशिक्षणाची नियामक असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांच्या एका शाखेच्या जागांवरची मर्यादा काढली, त्याबरोबर कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. त्या जागा कुठल्या वर्षाच्या आकड्यांवर खपल्या असतील याचा अंदाज करा.

सरकारी यंत्रणा यात काहीच करत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या एनबीएचं मानांकन घेताना प्लेसमेंटचा गुणांक काढायचा तर छेदात अंतिम वर्षाचे सगळे विद्यार्थी धरावे लागतात, इच्छुक असोत की नसोत. एनआयआरएफ ही केंद्राची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात पदवीनंतर काय झालं या निकषाला अभियांत्रिकीसाठी २० टक्के वजन आहे, आणि त्यासाठी भरलेली माहिती संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ फार कमी पालक उघडतात. उघडावी. त्यात एका ओळीत पहिल्या वर्षाला किती प्रवेश झाले, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, वेळेत किती उत्तीर्ण झाले, किती नोकरीला लागले, त्यांचा पगाराचा मध्यक किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे सगळं असतं. नोकरी आणि उच्च शिक्षण यांची बेरीज करा आणि पहिल्या दोन रकान्यांच्या बेरजेने भागा. जे येईल ते होर्डिंगच्या शेजारी लिहून ठेवा. मी हा उद्योग काही महाविद्यालयांसाठी केला आहे. नावं लिहीत नाही, पण जी संस्था पूर्ण पानाची जाहिरात देते तिच्या दोन आकड्यांतली दरी सहसा जास्त रुंद निघते.

अर्थात ही पीडीएफही संस्थेनेच भरलेली असते. भरणारा कोण? माझ्यासारखाच एखादा कंत्राटी प्राध्यापक, ज्याला पुढच्या वर्षीचा आपलाच करार नूतनीकरण होईल की नाही याची खात्री नाही. २०२४ मध्ये निघालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला सुरुवातीला सहा महिने दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. ती 'नोकरी' धरायची का? अप्रेंटिस म्हणून वर्षभरासाठी चाकणला गेलेला धरायचा का? काकांच्या दुकानात बसलेला 'उद्योजक' म्हणून लावायचा का? माझ्या वेळी या प्रश्नांची उत्तरं रकाना किती कमी पडतोय यावर ठरायची.

इथवर मी अभियांत्रिकीचंच बोललो, कारण तिथे निदान भांडायला आकडा आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार पदवीच्या विद्यार्थ्यांत अभियांत्रिकी-तंत्रज्ञानाचा वाटा १२ टक्क्यांच्या आत आहे. एकट्या कला शाखेत ३४ टक्के. विज्ञान आणि वाणिज्य मिळून आणखी २८. महाराष्ट्रात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालयं आहेत, त्यांतली बहुसंख्य ही बीए, बीकॉम, बीएस्सीची. तालुक्याच्या महाविद्यालयातून बीए झालेल्या मुलीचं पुढे काय झालं, हे नोंदणारा कागदच नाही. तिच्यासाठी 'इच्छुक नाही' असंही कुणी लिहून घेत नाही.

तिचा काही थांग लागतो तो घरोघरच्या पाहणीत. आणि तिथे आपण दुसऱ्या टोकाची चूक करतो. २०२४ च्या भारत रोजगार अहवालात, जो आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेने काढला, एक आकडा होता. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. तो आला आणि चार दिवस 'शिकून उपयोग काय' अशा संदेशांचा पूर आला. 'त्यापेक्षा वडापावची गाडी टाका', आणि खाली हात जोडलेली चिन्हं.

हे आकडे ज्या सरकारी श्रमशक्ती पाहणीतून येतात, तिच्यात बेरोजगार कोण? ज्याला काम नाही आणि जो काम मागतोय तो. निरक्षर तरुणाला काम न करता बसणं परवडत नाही. तो रोजंदारीवर जातो, उसाच्या टोळीबरोबर जातो, घरच्या शेतात बिनपगारी राबतो, आणि पाहणीच्या व्याख्येने 'रोजगारात' असतो. व्याख्या फार उदार आहे. साप्ताहिक पद्धतीत मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं तरी पुरतं. पदवीधराच्या घरी मात्र वर्ष-दोन वर्षं वाट पाहण्याइतकी भाकरी असते, निदान तशी आशा असते. म्हणजे ३.४ हा सुखाचा आकडा नाही आणि २९.१ हा पदवीच्या निरर्थकतेचाही नाही. पहिला थांबू न शकणाऱ्यांचा आहे, दुसरा थांबलेल्यांचा.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालाने हेच वयानुसार उलगडून दाखवलं. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४२.३ टक्के, पंचवीस ते एकोणतीसमध्ये २२.८, तिशीच्या पहिल्या निम्म्यात ९.८, पस्तिशीनंतर पाचच्या खाली. वरवर पाहता दिलासा वाटावा, उशिरा का होईना सगळ्यांना काम लागतं. पण पस्तिशीपर्यंत त्यांना अपेक्षेएवढं काम मिळालं, की त्यांनी अपेक्षा खाली आणली, की शोधणंच सोडलं? शोधणं सोडलेला माणूस बेरोजगारांत मोजला जात नाही. लग्नानंतर घर सांभाळणारी एमएस्सी झालेली मुलगी 'घरकाम' या सदरात जाते आणि श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या आणि शोधणाऱ्यांच्या, बाहेर पडते. तिच्या बाहेर पडण्याने बेरोजगारीचा दर चक्क कमी होतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाचवं वर्ष काढणाऱ्या मुलाच्या घरी पाहणीवाला गेला आणि आईने 'शिकतोय' असं सांगितलं, की तोही बाहेर. २०२३-२४ च्या पाहणीत देशाचा एकूण बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आला, तरुणांचा १०.२. सत्ताधाऱ्यांनी पहिला वाचला, विरोधकांनी दुसरा. छेदातून नाहीशा झालेल्यांबद्दल दोघेही बोलले नाहीत. महाविद्यालय फॉर्मवर सही घेऊन जे करतं, तेच इथे व्याख्या आपोआप करते. फरक एवढाच की पाहणीची व्याख्या छापलेली असते आणि कुणालाही वाचता येते.

मग करायचं काय? हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर कायद्याच्या पदवीसाठी मुलं लाखभर डॉलरची कर्जं काढत होती आणि विधी महाविद्यालयं नव्वद टक्क्यांहून अधिक पदवीधर नोकरीत असल्याचं छापत होती. पदवीनंतर नऊ महिन्यांनी कसलंही काम करणारा 'नोकरीत' धरला जाई, मग तो हॉटेलात ट्रे उचलत असला तरी. काही संस्था गणनेच्या दिवसाच्या आगेमागे आपल्याच पदवीधरांना थोड्या मुदतीची कामं देत. २०११-१२ मध्ये पदवीधरांनी डझनभर संस्थांवर खटले भरले. बहुतेक हरले. फिरून फिरून सूर असा लागला की वकील व्हायला निघालेल्या माणसाने जाहिरात नीट वाचायला हवी होती. पण तोवर बोभाटा इतका झाला होता की अमेरिकन बार असोसिएशनला तक्ता बदलावा लागला. पूर्णवेळ की अर्धवेळ, दीर्घ मुदतीचं की अल्प, वकिलीची सनद लागणारं की न लागणारं, पगार कंपनी देते की महाविद्यालयच, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत आणि संपूर्ण वर्गावर. बदल केवढा, तर एक बेरीज फोडून तिचे तुकडे मांडले. तेवढ्याने नव्वदचा फुगा फुटला.

ब्रिटनने दोन गोष्टी केल्या. पदवीनंतर सहा महिन्यांनी होणारी पाहणी पंधरा महिन्यांवर नेली, कारण सहा महिन्यांत काहीच कळत नाही. तिच्यात काम आहे का एवढ्यावर थांबत नाहीत. शिकलेलं त्यात वापरता का, हेही विचारतात. आणि दुसरं म्हणजे शिक्षणाच्या नोंदी प्राप्तिकराच्या नोंदींशी जोडून कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या शाखेतले पदवीधर काही वर्षांनी किती कमावतात, हे सरकारच काढून प्रसिद्ध करतं. महाविद्यालयाला विचारावंच लागत नाही.

आपल्याला हे अशक्य आहे का? महाराष्ट्र शासन महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून लाखो मुलांची फी भरतं. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांना निम्मी शिक्षण शुल्काची सवलत आहे, आणि २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत याच उत्पन्नगटातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची पूर्ण. त्या प्रत्येक अर्जाला आधार जोडलेलं आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकालाही आधार जोडलेलं आहे, आणि हा निधी सांभाळणारं ईपीएफओ दर महिन्याला देशात किती नव्या लोकांचा पीएफ सुरू झाला ते छापतंच. फी कुणाची भरली हे एका खात्याला ठाऊक, पीएफ कुणाचा जमा होतो हे दुसऱ्याला. ज्या पैशातून ती फी जाते तो आपला आहे. तो कुठल्या महाविद्यालयाच्या कुठल्या शाखेत काय उगवतो, हे विचारायचा हक्कही आपलाच. माझी मागणी एवढीच: प्रवेश घेतलेली संपूर्ण बॅच छेदात धरा, पदवीनंतर अठराव्या आणि छत्तिसाव्या महिन्यात नोंदी जुळवा, आणि शाखावार आकडा प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाने कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, माहितीपुस्तिकेत, कटऑफच्या शेजारच्या रकान्यात छापावा. नावं नकोत, वैयक्तिक पगार नकोत, फार लहान तुकड्या असतील तर आकडाही नको.

यात त्रुटी राहणारच. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला पीएफ सहसा लागू नाही, सरकारी नोकर वेगळ्या योजनेत, परदेशी गेलेला कुठेच नाही, वकील आणि डॉक्टर स्वतःचा व्यवसाय करतात. म्हणून जोडीला नमुना पाहणीही लागेल. पण खाली धरलेला प्रामाणिक आकडा वर फुगवलेल्यापेक्षा केव्हाही उपयोगी.

दरम्यान जाहिरातींचं काय, हा प्रश्न त्याहून सोपा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शंभर टक्के निवड, नोकरीची हमी असे दावे बंद. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याची लेखी संमती निवडीनंतर घेतल्याशिवाय नाही, आणि त्याने नेमका कुठला कोर्स किती काळ केला तेही सांगायचं. क्लासला जे नियम लागतात ते चार वर्षांची फी घेणाऱ्या महाविद्यालयाला का नकोत, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. 'आम्ही रोजगार विनिमय केंद्र नाही, आम्ही ज्ञान देतो,' असं एक प्राचार्य मला म्हणाले होते. विचार उत्तम आहे. तो होर्डिंगवर लावायला हवा होता.

एक आक्षेप मात्र मलाही सोडवता आलेला नाही. संपूर्ण बॅचचा आकडा छापला की पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय ही नामांकित महाविद्यालयं वर दिसतील आणि नंदुरबार-गडचिरोलीकडची महाविद्यालयं खाली. पण सीओईपीला येणारा मुलगा ९९ पर्सेंटाइलचा असतो. त्याला कुणीही काहीही शिकवलं नाही तरी तो बहुधा नोकरीला लागेल. ज्या महाविद्यालयात घरातली पहिलीच पदवीधर होणारी मुलगी चाळीस पर्सेंटाइलवर येते आणि चार वर्षांनी बारा हजारांवर का होईना स्वतःच्या पायावर उभी राहते, तिथल्या शिक्षकांनी जास्त काम केलेलं असतं, आणि नुसत्या तक्त्यात तेच नापास दिसतील. त्याहून वाईट म्हणजे आकडा सुधारण्यासाठी अशा मुलीला घेणंच ते टाळायला लागतील. फॉर्मवर सही घेण्याऐवजी दारातूनच परत पाठवणं. म्हणून तुलना करायची तर सारख्या पर्सेंटाइलच्या मुलांची व्हावी: साठ ते सत्तरमधली मुलं या महाविद्यालयात गेली तर काय झालं, त्या महाविद्यालयात गेली तर काय. हे गणित किचकट आहे, आणि छापलं तरी लोक शेवटी वरून खालीच वाचणार, हेही मला ठाऊक आहे. तरीसुद्धा आज आहे त्या अंधारापेक्षा हा धोका मला पत्करावासा वाटतो. आजही त्या मुलीला कुणी वाचवत नाहीये. ती मोजलीच जात नाही.

सुरुवातीला ज्याचा प्रश्न सांगितला, 'पुढे अर्ज करता येणार नाही का' विचारणारा, तो मेकॅनिकलचा होता. त्याची केटी आठव्या सेमिस्टरला निघाली. २०२३ च्या पावसाळ्यात बसस्टँडवर भेटला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. तलाठी भरतीचा फॉर्म भरून आला होता. ४,६४४ जागा होत्या. दहा लाखांहून जास्त अर्ज आले हे आम्हाला नंतर कळलं. खुल्या प्रवर्गाची फी १,००० रुपये, ती त्याने मित्राकडून घेतली होती. महाविद्यालयाच्या फाईलमध्ये त्याच्या सहीचा कागद अजून असेल. त्यावर लिहिलंय की हा नोकरीसाठी इच्छुक नाही, आणि खाली समन्वयक म्हणून माझी सही आहे.